वाळवणाची हवा

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली टांगलेला तो काळा फळा मीच लावला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी म्हणायचं सोसायटीने लावला, कुणी म्हणायचं कंपनीने. कसलं काय! बोईसरच्या भंगारवाल्याकडून प्लायवूडचा तुकडा मी आणला, काळा रंग मी दिला, आणि रोज संध्याकाळी सहाला खडूने त्यावर उद्याची हवा मीच लिहायचो. चांगली, मध्यम नाहीतर वाईट. खाली नाव नसायचं, पण सरावलीतल्या त्या चार बिल्डिंगांत अक्षर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा मला तोरा होता, तोही कबूल करतो.

ही एकोणीसशे ब्याण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी झुंबर आव्हाड, मूळचा सिन्नरकडचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा तपासणी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. प्रयोगशाळेच्या गच्चीवर हवा ओढायचं एक यंत्र होतं, कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. त्यात पांढरा फिल्टर कागद बसवायचा, चोवीस तास यंत्र चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी कागद काढून त्याचं वजन करायचं. जेवढं वजन वाढलं तेवढी हवेत धूळ आणि काजळी. साहेब तो आकडा रजिस्टरात चढवायचे. महिनाअखेरीला रिपोर्ट वर जायचा आणि तिथे कुणाच्या तरी कपाटात पडून राहायचा. ते आकडे कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही.

माझे शब्द मात्र लोक वाचायचे, आणि त्याला कारण झाले पापड.

आदल्या वर्षी माझ्या बायकोने, राहीने, चार किलो उडदाचे पापड लाटून गच्चीवर वाळत घातले आणि दुपारून बघते तर सगळ्यांवर काळे ठिपके. तिची नणंद म्हणजे माझी बहीण पाहुणी आली होती. ती म्हणाली, "वहिनी, तीळ छान घातलेत." राहीने ताट माझ्यासमोर आपटलं. "दिवसभर त्या यंत्राशी बसता ना? मग काजळी कधी पडणार एवढं सांगता येत नाही का तुम्हाला?"

बोचलं मला ते. मग मी लक्ष ठेवायला लागलो. पहाटेचा मतलई वारा कारखान्यांचा धूर समुद्राकडे घेऊन जातो, दहा-अकरानंतर खारा वारा उलटा फिरतो आणि तोच धूर आमच्या डोक्यावर आणून टाकतो, हे शाळेतल्या भूगोलात वाचलेलं होतं, पण आता ते पापडांवर दिसायला लागलं. बोईसरच्या बाजारात सातपाटीची एक मासळीवाली बसायची. तिला विचारलं की ती टोपली झाकता झाकता सांगायची, "परवा वारा पडंल बग." आणि परवा वारा पडायचा! वारा पडला की धूर सरळ वर जायचा, आभाळ धुतल्यासारखं दिसायचं, ऊन कडक, आणि माझा फिल्टर कागद दुसऱ्या दिवशी जवळजवळ पांढरा निघायचा. तो दिवस मी आधी सांगायला लागलो. शेजारणी विचारायला लागल्या. रोज उठून दारात बायका नकोत म्हणून फळा टांगला.

त्या उन्हाळ्यात तर माझ्या शब्दाशिवाय चार बिल्डिंगांत एक शेवई वाळली नाही. "झुंबरभाऊ, उद्या घालू ना?" असं जिन्यात अडवून विचारायच्या. आठ वर्षांत साहेबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. इथे पन्नास घरं विचारत होती.

वाळवणाची राखण कमळी करायची. सरावलीपलीकडच्या पाड्यावरची ही वारली बाई, वय पंचवीसच्या आसपास, अंगाने काडी. पाऊस उघडला की तिचा नवरा चिंधू वीटभट्टीवर जायचा. तीही जायची, पण भट्टीच्या धुराने तिचा दमा बळावला, म्हणून दोन वर्षांपासून ती मागेच राहायची. उन्हाळाभर आमच्या गच्च्यांवर बसून कावळे हाकायचे, कुरडया उलटायच्या, संध्याकाळी ताटं उतरवायची, हे तिचं काम. हवा चांगली नसली तरी ठिपक्यांची फिकीर नसलेल्या मिरच्या-चिंचा वाळत पडलेल्या असायच्या. सकाळी दहाला चढायची ती चारला उतरायची. सावली म्हणाल तर पाण्याच्या टाकीची, वीतभर. बाकी घरातल्या बाया खाली पंख्याखाली.

एप्रिलच्या मध्यावर एकदा ती जिन्यात मला आडवी आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुमचा चांगला दिस आला का माझी छाती भरते."

"उलटं बोलतेस तू. चांगल्या दिवशी हवा स्वच्छ असते. वाईट दिवशी भरत असेल."

"वाईट दिवशी डोळं चुरचुरतात. छाती नाय भरत. छाती चांगल्या दिवशीच भरते."

"उन्हाने होत असेल. पाणी पीत जा."

"ऊन काय मला नवं हाय?" एवढं म्हणून ती गेली.

मला राग आला, खरंच राग आला. चौथीही न शिकलेली बाई मला हवा शिकवते! घरी जेवताना राहीला सांगितलं आणि हसलो. राही हसली नाही. ती म्हणाली, "परवा ती ताटं घेऊन खाली आली तेव्हा दोन पायऱ्यांवर बसली होती. मी विचारलं तर बोलता येईना तिला." मी म्हटलं, दमाच आहे तो, कधीही उठणार. पण जेवण गोड लागलं नाही.

दोन दिवसांनी टाकीचा बॉलकॉक बघायला गच्चीवर गेलो. टाकीच्या सिमेंटवर मागच्या बाजूला कोळशाच्या रेघा ओढलेल्या दिसल्या, एकापुढे एक, ओळीने. काही बोटभर, काही हातभर.

"हे काय गं?"

"दिसाची एक रेघ," कमळी म्हणाली. "बरी असली तर बारकी. छाती भरली तर मोठी. चिंधू आला का त्याला दाखवीन. तो बोलतो मी कामाला जायाचं नाय म्हणून सोंग करते."

मी उगाच मोजल्या. होळीपासूनच्या एकोणीस रेघा होत्या, त्यातल्या सात मोठ्या. माझ्या खिशात छोटी वही असायची, त्यात मी रोजचा शब्द टिपून ठेवायचो. तिथेच उभं राहून ताडून पाहिलं. सातच्या सात दिवशी माझा शब्द होता, चांगली. बाकीच्या बारा दिवशी मध्यम नाहीतर वाईट.

योगायोग म्हणून सोडून द्यावं तर एक-दोन सुटायला हवे होते. एकही सुटत नव्हता. मी वही बंद केली आणि खाली उतरलो.

त्याच आठवड्यात रखमामावशीचं मोठं वाळवण होतं. रखमामावशी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या रखमाबाई, नवरा वीज केंद्रात फिटर. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न मे महिन्यात, आणि रुखवतात मांडायला त्यांना पांढऱ्याशुभ्र कुरडया हव्या होत्या, एकही ठिपका नसलेल्या. कुरडईचे गहू तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वाटून चीक काढायचा, चौथ्या दिवशी तो शिजवायचा आणि सोऱ्यातून घालायचा. एकदा गहू भिजले की मागे फिरता येत नाही, एक दिवस जास्त झाला की आंबून वास सुटतो. म्हणून मावशींनी मला रविवारीच धरलं होतं. "झुंबर, अरे नीट बघून सांग. गुरुवार कसा आहे?"

मासळीवालीला विचारून, आभाळ बघून मी छातीठोक सांगितलं होतं, "मावशी, गुरुवार चांगला." सोमवारी सकाळी त्यांनी आठ किलो गहू भिजत घातले.

रेघा मी मोजल्या त्या सोमवारी दुपारी, जेवायला घरी आलो तेव्हा.

मंगळवारी पालघरच्या कॉलेजात रसायन शिकवणारे नरहरी सर प्रयोगशाळेत आले. महिन्यातून एकदा ते डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरून न्यायला यायचे. मी कॅन भरता भरता त्यांना विचारलं, जणू काही पुस्तकातला प्रश्न असावा असं, की फिल्टर कागद पांढरा निघतो त्या दिवशी एखाद्याची छाती भरेल का.

"कागदाला काय दिसतं?" सरांनी उलट विचारलं.

"धूळ. काजळी."

"मग वायू कोण बघणार? तो कागदातून आरपार जातो."

मग त्यांनी ओझोनचं सांगितलं. मी म्हटलं, "त्याला तर भोक पडलंय ना सर? रेडिओवर सांगतात, वाचवा म्हणून." सर हसले. म्हणाले, तो वरचा, आभाळातला, तो असायलाच पाहिजे. हा खालचा, जमिनीलगतचा. हा कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. कारखान्यांतले नि ट्रकमधले वायू आणि सॉल्व्हंटच्या वाफा हवेत साचल्या, वारा पडलेला असला आणि वर कडक ऊन असलं की तो दुपारी तिथल्या तिथे तयार होतो, भात शिजावा तसा. बारा ते चार त्याचा जोर. दिसत नाही, काळं करत नाही. धडधाकट माणसाला घसा खवखवल्यासारखं होतं, दम्याच्या माणसाची छाती आवळते.

"बाहेरच्या देशांत मोठ्या शहरांत आदल्या दिवशी सांगतात म्हणे," सर म्हणाले, "उद्या दुपारी ओझोन वाढणार आहे, दम्याच्या लोकांनी घरात बसा. रेडिओवर, पेपरात, रोज."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे तू आहेस की! फळा लिहितोस ना, ऐकलं मी."

त्यांनी कौतुकानेच म्हटलं. पण कॅनमधून पाणी वर येऊन बुटावर सांडलं तरी मला कळलं नाही. वारा पडलेला, ऊन कडक, आभाळ धुतलेलं. मी वर्षभर ज्याला चांगली म्हणत आलो तोच हा दिवस. मी गुण देत होतो ते पापडाला, आणि लोकांना वाटत होतं मी हवेला देतोय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

सरांनी जाताना एक जुनी युक्ती सांगितली. स्टार्चच्या खळीत पोटॅशियम आयोडाइड घालायचं, त्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून अंधारात वाळवायच्या. मग पट्टी ओली करून सावलीत टांगायची. ओझोन असेल तर ती जांभळी होते, जितका जास्त तितकी गडद. "पक्कं माप नाही हे," ते म्हणाले. "दमट हवेत फसवतं. पण काही नसण्यापेक्षा बरं."

आयोडाइड प्रयोगशाळेत होतं. स्टार्च घ्यायला मी घरी राहीचा डबा उघडला, त्यातली एक कुरडई काढली, खलबत्त्यात कुटली आणि पाण्यात शिजवली. राही बघत राहिली. "आता कुरडईचं औषध करताय का?" मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. रॉकेल संपत आलंय, स्टोव्ह लवकर विझवा, असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली.

बुधवारी सकाळी सव्वादहाला पट्टी प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत टांगली. वारा पडलेला होता. दर तासाला काहीतरी निमित्त काढून मी पडवीत जात होतो. अकरापर्यंत पांढरी. एकला कडांना वांग्याच्या फुलासारखा रंग. चारला पूर्ण जांभळी. मी ती खिशात घातली आणि घरी पोचेपर्यंत खिसा चाचपत राहिलो.

बुधवारी गच्चीवर कुणाचं वाळवण नव्हतं, म्हणून कमळी पाड्यावरच होती. प्रश्न गुरुवारचा होता.

सहा वाजता खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो. रविवारी मावशींना सांगितलं होतं तेव्हाच कोपऱ्यात "गुरुवार : चांगली" असं लिहून ठेवलं होतं. तेवढं पुसायचं आणि "वाईट" लिहायचं, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात रखमामावशी वाटलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन जिन्याने उतरल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. "बघ रे," म्हणाल्या, "काय चीक निघालाय! दुधासारखा. तुझ्या शब्दावर घेतलंय हं सगळं."

मी म्हणालो, "मावशी, उद्या दुपारी जरा ऊन फार..."

"ऊनच तर हवंय मला!"

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि लाज वाटते. मनात म्हटलं, पट्टी म्हणजे पक्कं माप नव्हे, सरच म्हणाले. मनात म्हटलं, एका पट्टीवर वर्षाचा शब्द फिरवला तर लोक काय म्हणतील. आठ किलो गहू, लग्नाचं घर, चार बिल्डिंगांतलं माझं नाव, हे सगळं एका बाजूला झालं. दुसऱ्या बाजूला कमळी होती. ती तर तिथे उभीही नव्हती. मी खडू खिशात टाकला आणि घरी गेलो.

एवढं मात्र केलं, गुरुवारी सकाळी कामावर जाताना पावणेदहाला ती जिन्यात दिसली तेव्हा म्हटलं, "कमळी, आज टाकीच्या सावलीतच बस. त्रास झाला तर खाली ये."

"कावळे कोन हाकील?" ती म्हणाली. तिचा श्वास तेव्हाच थोडा वर लागलेला होता. मला ते दिसलं. सायकलवर टांग टाकून मी निघालो.

प्रयोगशाळेत नवी पट्टी टांगली. साडेअकराला पडवीत गेलो तर कडा जांभळ्या. साडेबाराला गेलो तर पट्टी कालच्या चारच्या पट्टीएवढी गडद, आणि चारला अजून साडेतीन तास बाकी होते. मी कालची पट्टी खिशातून काढून शेजारी धरली. आजची जास्तच गडद होती. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. गडदच होती.

साहेबांना म्हटलं, घरी जायचंय. का, म्हणाले. कुरडयांसाठी, असं तोंडातून निघून गेलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी परवानगीची वाट पाहिली नाही.

वसाहतीतून सरावलीपर्यंत सायकलला वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली ठाऊक नाही. रस्त्यावर डांबर वितळलेलं, आभाळ असं निळं की धुराचा काळा धागाही दिसू नये, आणि माझा स्वतःचा घसा आत खरवडून निघत होता. तोवर तो घसा माझ्या लक्षातच आला नव्हता. वाटेत मी देवाला एवढंच म्हणत होतो की ती खाली उतरून राहीजवळ बसलेली असू दे, तिने माझं ऐकलेलं असू दे. आणि मी तिला नीट सांगितलंच नव्हतं हेही त्याच वेळी आठवत होतं.

फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. चांगली.

तीन मजले चढून गच्चीचं दार ढकललं. सगळी गच्ची पांढरी, जुन्या साड्यांवर कुरडयांच्या रांगाच रांगा, आणि त्यांच्यात कावळे बिनधास्त फिरत होते. कुणी हाकत नव्हतं. काठी पडलेली. टाकीच्या कडेला कमळी दोन्ही हात जमिनीवर टेकून, ओणवी, खांदे वर ओढून श्वास घ्यायला बघत होती. शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठ निळसर. मी "कमळी" म्हणालो तर तिने मान वर केली. डोळे मोठे झालेले, पण शब्द फुटेना.

मी बोंबललो. राही आली, मागून रखमामावशी आल्या, त्यांच्या हातात सोऱ्या तसाच. एका क्षणात त्यांनी सोऱ्या फेकला आणि सरळ कुरडयांवरून चालत आल्या. पायाखाली ओल्या कुरडया चिरडत गेल्या, त्यांनी खाली पाहिलंही नाही. "अगं कमळे, अगं पोरी," म्हणत त्यांनी तिला मागून धरून बसतं केलं. मी रिक्षा आणायला पळालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला आत घेतलं, शिरेतून इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. आम्ही बाहेर बाकावर. राही पाड्यावर तिच्या सासूला कळवायला गेली. आतून तो शिट्टीचा आवाज येत होता. आवाज येतोय तोवर श्वास चालू आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. मध्ये एकदा तो थांबला तेव्हा मी उभाच राहिलो. मग खोकला ऐकू आला आणि मी परत बसलो.

मावशींचे हात अजून चिकाने पांढरे होते. वाळून त्याचे पोपडे सुटत होते. त्या म्हणाल्या, "फळ्यावर तर चांगली लिहिलं होतंस ना रे?"

मी खिशातून दोन्ही पट्ट्या काढल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. रेघा, नरहरी सर, कालची पट्टी. काहीच लपवलं नाही.

"म्हणजे काल संध्याकाळी तुला ठाऊक होतं."

"पक्कं नव्हतं."

"मी पातेलं घेऊन उतरले तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचे गहू भिजले होते, मावशी."

त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अरे, गाईला घातले असते."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, श्वास जागेवर आला आहे, पण आठवडाभर ठेवू. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला. नवीन काही लिहिलं नाही. एक-दोघी विचारायला आल्या, "झुंबरभाऊ, उद्या घालू का?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यांना वाटलं मी आजारी आहे. तिसऱ्या दिवशी गच्ची झाडायला मीच वर गेलो. कावळ्यांनी टाकलेल्या, पायाखाली चिरडलेल्या कुरडया सिमेंटला चिकटून बसल्या होत्या. त्या खरवडता खरवडता टाकीमागे गेलो, रेघा बघायला.

शेवटची रेघ गुरुवारची. ती बोटभरच होती.

मला वाटलं चुकून मधलीच बघतोय. पहिल्यापासून मोजल्या, दोनदा मोजल्या. गुरुवारचीच होती ती, आणि तिच्याखाली कोळशाचा तुकडा पडला होता. ज्या दिवशी तिचा जीव जायची वेळ आली त्या दिवशी तिने बरी असल्याची रेघ ओढली होती. का ते मला कळेना, आणि कळेना म्हणून झोपही लागेना.

आठ दिवसांनी कमळी आली. काम करू नको म्हटलं तरी आली, राखणीला नाही, उरलेली ताटं मावशींना परत द्यायला. मी तिला विचारलं. आम्ही दोघं टाकीमागे उभे होतो. वारा पडलेला होता आणि आभाळ पुन्हा तसंच धुतलेलं.

"गुरुवारी सकाळीच तुझी छाती भरलेली होती ना?"

"व्हय. घरून निंगाले तवाच."

"मग बारकी रेघ का काढलीस?"

ती नखाने टाकीचं सिमेंट खरवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाचता येत नाय. मावशीला इचारलं, फळ्यावर काय लिवलंय. मावशी बोलली, चांगली. मंग मी बोलले, एवढा शिकलेला माणूस यंत्रात बघून लिवतो. तो कशाला खोटं लिवंल? माझी छातीच खोटी बोलत असंल."

मी वाकून तो कोळशाचा तुकडा उचलला आणि तिच्या हातात दिला.

"आजची काढ," म्हटलं.

"कंची काढू?"

"तुझी छाती सांगेल ती."

तिने एक हात छातीवर ठेवला, श्वास आत घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काय म्हणतो ते बघायला. मी पाठ फिरवली आणि कारखान्यांकडे बघत उभा राहिलो. मागे सिमेंटवर कोळसा घासल्याचा आवाज सुरू झाला, आणि बराच वेळ तो थांबला नाही.